धुतलेला कचरा

१

सोमवारी सकाळी मी चादरी वाळत घालत होते, तेवढ्यात नगराध्यक्ष गाइगर यांचा फोन आला. हा माणूस एरवी 'कशा आहात' इथपासून सुरू करून हवापाण्यावर येतो आणि मग कामाचं बोलतो. त्या दिवशी एका दमात म्हणाला, "आयझेलेबाई, कचऱ्याची अदलाबदल झालीय. याल का?"

विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात माझं उभं आयुष्य गेलं. मालकांनी आपल्याच हातानं पेटवलेली गोदामं पाहिली. चोरीला गेलेला म्हणून सांगितलेला पियानो शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात वाजताना ऐकला. पण कचऱ्यावर कोणाचा डोळा असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. चादरी ओल्याच टबात टाकल्या आणि निघाले. खरं सांगायचं तर निवृत्तीचा मला कंटाळा आला होता.

वेलनबाखच्या बाहेर, ओढ्यापलीकडे, आमच्या गावाचा कचरा निवडायचा कारखाना आहे. फाटकाशीच गेरहिल्ड म्योसनर उभ्या होत्या. या नगरपालिकेच्या कचरा-सल्लागार. साली तपकिरी डब्यात, वेष्टनं पिवळ्यात, कागद निळ्यात आणि काच रस्त्यावरच्या पिंपात, हे गावाच्या अंगवळणी पाडलं ते यांनीच. आमच्या पोरांकडून त्यांनी शाळेत ते घोकून घेतलं होतं, आणि पोरांनी घरी येऊन आमचे कान उपटले होते. आता बाईंचे डोळे लाल होते.

नमुन्यांच्या खोलीत नेऊन त्यांनी प्लास्टिकच्या ढिगातून दह्याची एक डबी उचलली आणि माझ्या नाकाशी धरली. "वास घ्या."

मी घेतला. कसलाच वास नव्हता.

"हाच गुन्हा," त्या म्हणाल्या.

प्रकरण असं होतं. हिवाळ्यापासून लिंडनहाल्ड वस्तीत प्रयोग चालू होता. तिथल्या लोकांनी काहीही वेगळं करायचं नाही. साली, डबे, कागद, काच, बाळांचे लंगोट, सगळं एकाच काळ्या डब्यात टाकायचं, आणि पुढचं कारखान्यातली यंत्रं निवडतील. बाकी गावात जुनीच रीत. येत्या गुरुवारी नगरसेवक मत देणार होते, की सगळ्या गावानं एका डब्यावर जायचं की नाही. त्यासाठी शुक्रवारी लिंडनहाल्डचा कचरा यंत्रातून काढून, त्याचे वेगवेगळे ढीग करून कुलपात ठेवले होते. सोमवारी सगळ्यांसमोर कुलूप उघडलं, तर आत हे असं लखलखीत प्लास्टिक.

"एकत्र टाकलेल्या कचऱ्यातलं प्लास्टिक असं निघतं होय?" म्योसनरबाईंचा आवाज चढला. "ते कॉफीच्या चोथ्यानं आणि रश्शानं बरबटलेलं असतं. त्याचं पुढं काही होत नाही, जाळावंच लागतं. आणि हे बघा, वरचं चंदेरी झाकण सोलून काढलंय. यंत्र झाकण सोलत नाही, बाई. ते माणसाच्या हाताचं काम. हा ढीग आपल्या पिवळ्या डब्यांतला आहे. लिंडनहाल्डचा उचलून कोणीतरी इथं हा ठेवलाय."

"कोणी?"

नगराध्यक्षांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. वजनकाट्याच्या टपरीत एक आडव्या बांध्याचा माणूस मान खाली घालून बसला होता. ओटमार किन्ले, काट्यावरचा कारकून. खोलीची एक किल्ली त्याच्याकडे असते, आणि रविवारी दुपारी पोतं खांद्यावर टाकून तो याच खोलीत शिरताना दिसला होता.

"पोत्यात काय होतं ते विचारलं," नगराध्यक्ष म्हणाले. "तर म्हणतो, सांगणार नाही."

२

ओटमारनं मला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. जेवणाची वेळ झाली होती. समोरच्या बाकावर कारखान्यातली माणसं डबे उघडून बसली होती, पण त्याला कोणी हाक मारली नाही.

"पोत्यात काय होतं?"

"माझं स्वतःचं सामान."

"कसलं?"

"बाई, मी त्या ढिगाला हात लावलेला नाही. याच्या पलीकडं मी काही बोलणार नाही."

"तुम्हाला कळतंय ना काय चाललंय? गुरुवारी मत एका डब्याच्या विरुद्ध गेलं तर हा कारखाना वर्षअखेर बंद होणार. म्हणजे ढीग बदलायला तुमच्याकडं चांगलं खणखणीत कारण आहे. नोकरी तर जाईलच, वर पोलिसात तक्रार होईल."

"होऊ दे."

"आणि नाव जाईल."

तिथं मात्र तो चपापला. काट्याच्या लोखंडी चौकटीवर त्यानं हात ठेवला. "माझे वडीलही याच काट्यावर होते. किन्ले वजनात बोट घालत नाही, असं लोक म्हणायचे. घरी पैसा नव्हता कधी, पण हे एक होतं. तेवढं जाऊ नये असं फार वाटतं मला." 

खोटं बोलणारी माणसं मी ढिगानं पाहिलीत. ती फार बोलतात. विचारलं नाही तेही सांगतात, आणि सांगितलेलं पुन्हा सांगतात. हा गडी तर बोलायलाच तयार नव्हता. माझं मन त्याच्या बाजूला झुकलं, हे मी कबूल करते. पण मनाच्या झुकण्यावर मी कधी कोणाचा दावा मंजूर केला नव्हता.

दुसरी किल्ली कारखान्याचे प्रमुख होल्त्स यांच्याकडे. तो माणूस आनंदानं नुसता फुलला होता. शनिवार-रविवार तो पुतणीच्या लग्नाला परगावी होता, आणि शंभर माणसांनी त्याला नाचताना पाहिलं होतं.

"अदलाबदल? छे हो. यंत्रांची कमाल आहे ही. एवढं चोख काम करतील असं मलासुद्धा वाटलं नव्हतं."

"तुम्हालासुद्धा?"

"खरंच सांगतो. फक्त काच तेवढी फार कमी निघाली. लोक हल्ली पीत नसतील."

लिंडनहाल्डचे लोक पीत नाहीत, हे ऐकून मला हसू आवरेना.

शेवटी मी म्योसनरबाईंना गाठलं. "रागावू नका, पण घोटाळा झालाय असं दिसलं तर सगळ्यात जास्त फायदा तुमचा. एका डब्याचा प्रयोगच निकालात निघतो. मग स्वच्छ डब्या तुम्हीच आणून ठेवल्या नसतील कशावरून?"

बाई ताडकन उठल्या. "मी? निवडलेलं प्लास्टिक उचलून मिश्र कचऱ्यात टाकू? माझा हात झडेल, आयझेलेबाई."

तो संताप खरा होता. म्हणजे मी होते तिथंच राहिले, आणि गुरुवार जवळ येत होता.

३

मंगळवारी मी रबरी हातमोजे घातले, स्टूल घेतलं आणि ढिगापाशी बसले. होल्त्सनं विचारलं, तुम्ही स्वतः कशाला? मी म्हटलं, दावा तपासायचा तर जळलेल्या घरात शिरावं लागतं, फोटोवर भागत नाही.

सगळे फक्त प्लास्टिककडे बघत होते. मी आधी बाकीचे ढीग पाहिले. सालींचा ढीग पाहिला. त्यात प्लास्टिकचा कपटा नव्हता, आणि बऱ्याच साली वर्तमानपत्राच्या पुड्यांत नीट बांधलेल्या होत्या. कागदाचा ढीग कोरडा होता. पत्र्याचे डबे धुतलेले. काचेचा ढीग तर एका बादलीत मावेल एवढाच.

आता विचार करा. कोणाला फसवायचं असेल तर तो प्लास्टिकचा ढीग बदलेल, कारण बघणारे तेवढाच बघणार. सालींचा कशाला बदलेल? आणि सगळेच ढीग बदलायचे म्हटले तर त्याला ट्रक लागेल. ओटमारच्या खांद्यावर एक पोतं होतं.

मग प्लास्टिकच्या ढिगात माझ्या हाताला गाठी लागू लागल्या. फळांच्या दुकानात मिळतात तसल्या पातळ पिशव्या, पोटाशी यंत्राच्या दातांनी फाटलेल्या, पण तोंडाशी घट्ट गाठ मारलेल्या. एक काढली, दुसरी काढली. माझ्या पायाशी गाठींचा एक निराळाच ढीग झाला. एका पिशवीच्या कोपऱ्यात अजून फक्त चंदेरी झाकणं होती, एकात एक बसवून दाबलेली. दुसरीत फक्त अंड्यांची टरफलं.

काळ्या डब्यात घरातला सगळा कचरा एका मोठ्या पिशवीतून जातो. मग या एवढ्या छोट्या पिशव्या कुठून आल्या, आणि त्यांना गाठी मारत कोण बसलं होतं?

४

ओटमारला पोतं नेताना पाहिलं ते क्रेसेन्त्सिया श्नेक या बाईंनी. त्या लिंडनहाल्डमधल्याच. त्यांच्या जिन्यात दाराच्या मुठीला, या आठवड्याची झाडलोटीची पाळी यांची असं सांगणारी पाटी लटकत होती, आणि पायऱ्या अशा पुसलेल्या की मला चपला हातात घ्याव्याशा वाटल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी कॉफी दिली, पण स्वतः बसेनात. मोरीखालच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"कसं वाटतंय एका डब्याचं?" मी विचारलं.

"सुख आहे हो. सगळं एकत्र टाकायचं नि मोकळं व्हायचं. डोक्याला ताप नाही."

भांडी निथळायच्या जाळीवर दह्याच्या दोन डब्या पालथ्या होत्या. माझी नजर तिकडे गेली तशी बाई घाईनं म्हणाल्या, "रंगाचे ब्रश ठेवायला लागतात त्या."

"काय रंगवताय?"

"अजून ठरवलं नाही."

मी कॉफीचा घोट घेतला. "रविवारचं सांगा. ओटमारला तुम्ही कुठून पाहिलंत?"

"कुत्र्याला फिरवत होते. तो कारखान्याच्या फाटकातून आत, त्या नमुन्यांच्या खोलीत गेला, पोतं घेऊन. आधी आवाजच आला. खण, खण."

"पोतं वाजत होतं?"

"चांगलं वाजत होतं. तो बाहेर त्या पिंपांपाशी क्षणभर थांबला, इकडं तिकडं पाहिलं आणि मग आत गेला. चोरासारखा. येताना हात मोकळे."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे वान्नर झाडू परत द्यायला आले. मी कोण हे कळल्यावर त्यांचे कान तांबडे झाले. मला दारापर्यंत पोचवताना हळूच म्हणाले, "खरं सांगू का, वरच्या श्नेकबाई अजून सगळं वेगळं करतात असा मला संशय आहे. आमच्याकडं तसलं काही नाही हो." त्यांच्या बोटांना भांडी घासायच्या साबणाचा वास येत होता.

रस्त्यावर येऊन मी उभी राहिले. दह्याच्या डब्यांचं पोतं खणखणत नाही. आणि कारखान्याबाहेर कसली पिंपं आहेत, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिवाय तो दिवस रविवार होता. मी स्वतःशीच म्हटलं, वाल्बुर्गा, म्हातारी झालीस. हे तुला काल कळायला हवं होतं.

५

"बाटल्या होत्या," मी ओटमारला म्हटलं.

त्यानं हातातली वही मिटली.

"घरच्या काचेच्या बाटल्या आणि बरण्या. फाटकाबाहेरच्या पिंपात टाकायला आणल्यात. तिथं आल्यावर लक्षात आलं की रविवार आहे. रविवारी आवाज करायचा नाही असा आपल्याकडं नियम, त्या दिवशी पिंपात बाटली फोडली तर अख्खी वस्ती खिडकीत येते. म्हणून पोतं आत ठेवलंत आणि सोमवारी कामावर चढायच्या आधी रिकामं केलंत. बरोबर?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. "एकच डबा पुरे, यंत्रं सगळं बघतील, असं वस्तीत घरोघरी मीच सांगत फिरलो. मी तिथलाच ना. लोकांनी माझ्या शब्दावर होकार दिला. आणि घरी मुरंब्याची बरणी काळ्या डब्यात टाकायला माझाच हात उचलेना."

"सोमवारी ढीग पाहिल्यावर तुम्हाला कळलं."

"लगेच कळलं. माझ्यासारखेच सगळे. धुतात, सोलतात, छोट्या पिशव्यांत बांधतात आणि मग एकाच डब्यात टाकतात. काच तर टाकतच नाहीत. यंत्रांना कामच नव्हतं, बाई." त्यानं बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. "हे मी बोललो तर प्रयोग खोटा ठरतो आणि कारखाना जातो. त्यांची घरं आहेत. न बोललो तर मी चोर. म्हटलं, एकट्याचं गेलेलं बरं."

मला त्याचा राग आला आणि भरूनही आलं, दोन्ही एकदम. "हे बघा," मी म्हटलं, "मी तुमचं नाव सोडवू शकते. पण सोडवलं तर कारखाना वाचत नाही. मधली वाट शोधली, सापडली नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी नगराध्यक्षांना सांगते, मला काही सापडलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं असेल, पण सांगेन."

त्यानं काटा रिकामा असतानाही एकदा शून्यावर आहे ना ते पाहिलं. मग म्हणाला, "खोट्या वजनावर चालणारा कारखाना वडिलांनी चालू दिला नसता. सांगा तुम्ही. या माणसांना मात्र मी आधी सांगतो, आजच. माझ्या तोंडून कळू दे."

तो बाकाकडे चालत गेला. तिथं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. एक जण उठून निघून गेला एवढं दिसलं.

माझ्यापुढं आता वेगळाच पेच होता. लिंडनहाल्डमध्ये एकही माणूस कबूल होणार नव्हता. सगळे आत एक आणि बाहेर एक वागत होते, आणि प्रत्येकाला शेजारी काय म्हणेल याची धास्ती. यांच्याकडून वदवून कसं घ्यायचं?

बुधवारी मी बाजारात गेले आणि चेरी घातलेल्या दह्याचे खोकेच्या खोके उचलले.

६

गुरुवारी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. पुढं नगरसेवक, मधे लिंडनहाल्डचे लोक, शेवटच्या रांगेत कारखान्यातली माणसं. ओटमार त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता.

"मत देण्याआधी थोडं खाऊन घ्या," मी जाहीर केलं. "दही आहे. प्रयोगाच्या नियमाप्रमाणं कचऱ्याला एकच डबा. तो दाराशी ठेवलाय."

लोकांनी खाल्लं. फुकटचं दही आमच्याकडं कोणी नाकारत नाही. मग खुर्च्या सरकल्या. श्नेकबाई उठल्या. झाकण त्यांनी आधीच सोलून, घडी करून हातात धरलं होतं. काळ्या डब्यापाशी गेल्या, थबकल्या आणि वळून कोपऱ्यातल्या चहापाण्याच्या ओट्याकडे निघाल्या. नळ सुटला. त्यांच्यामागं वान्नर उभे राहिले. वान्नरांमागं आणखी एक जोडपं. बघता बघता रांग भिंतीला लागली. त्या रांगेत तीन नगरसेवक होते, आणि आपली डबी हातात घेऊन होल्त्ससाहेबही होते. दाराशी काळा डबा तसाच रिकामा होता.

"श्नेकबाई," मी विचारलं, "काय करताय?"

"धुतेय."

"कशासाठी? डबा तर एकच आहे. यंत्रं बघून घेतील ना."

त्यांनी मागं वळून रांग पाहिली. रांगेनं त्यांच्याकडं पाहिलं. सगळ्यांच्या हातात डब्या आणि सोललेली झाकणं. बाईंचे खांदे उतरले. "तशीच कशी टाकू हो? अंगावर काटा येतो."

"आणि गाठी?"

उत्तर वान्नरांनी दिलं, तेही जमिनीकडे बघत. "डबा एक असला तरी आतल्या आत तरी वेगळं राहावं, म्हणून बांधायचो. मला वाटायचं, मी एकटाच करतोय."

रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "मलाही तसंच वाटायचं."

मग मी सगळं उलगडून सांगितलं. बदलायचे असते तर सगळेच ढीग बदलावे लागले असते आणि ते एका पोत्यात मावत नाहीत. गाठी कारखान्यात मारलेल्या नाहीत, त्या लिंडनहाल्डच्या स्वयंपाकघरांत मारल्या. वस्तीची काच ढिगात नाही, कारण ती पूर्वीसारखीच रस्त्यावरच्या पिंपांत गेली. ओटमारच्या पोत्यात त्याच्या घरच्या बाटल्या होत्या, आणि रविवार होता म्हणून त्या एक दिवस आत राहिल्या. कोणी काही चोरलं नाही, कोणी काही बदललं नाही. एकत्र कचरा टाकायचा प्रयोग एकाही घरानं केलाच नव्हता.

"म्हणजे माझी यंत्रं..." होल्त्स म्हणाले.

"तुमच्या यंत्रांनी पिशव्या फाडल्या. निवडलं ते यांनी, आपापल्या मोरीपाशी."

म्योसनरबाई सरळ ओटमारपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "हे मीच शिकवलं यांना," त्या म्हणाल्या. "आणि डब्या धुतलेल्या दिसल्या तेव्हा मनात पहिलं काय आलं, तर चोरी. यांनी धुतल्या असतील असं मलाच वाटलं नाही. तुमच्यावर आळ घेतला. मला माफ करा." त्यानं मान डोलावली.

नगराध्यक्ष उठले, घसा खाकरला आणि कागदात बघत भराभर म्हणाले की श्रीयुत किन्ले यांच्याविषयीची शंका नगरपालिका मागे घेत आहे, आता पुढचा विषय.

"थांबा," ओटमार उभा राहिला. "मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही."

 नगराध्यक्षांनी कागद खाली ठेवला. या वेळी ते सावकाश आणि मोठ्यानं बोलले. ओटमार किन्ले यांनी नमुन्याला हात लावलेला नाही. त्यांच्यावरचा आरोप खोटा होता, आणि तो केल्याबद्दल गाव त्यांची माफी मागतं. ओटमारनं शेवटच्या रांगेकडं पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे. तिथं कोणी हसलं नाही, पण कोणी नजरही चुकवली नाही.

"आता मत घ्या," तो म्हणाला आणि खाली बसला.